लाल खडूचं चित्र, आणि कॅटलॉगात न लिहिलेली गोष्ट

युरोपातल्या एका लिलावगृहाच्या ऑनलाइन विक्रीत मी एका चित्रावर दहा दिवस नजर ठेवून होते. अठराव्या शतकातलं, फ्रेंच, लाल खडूतलं. काठीला धरून बसलेला नग्न पुरुष. चित्रकाराचं नाव नाही, नुसतं 'फ्रेंच स्कूल'. अंदाजित किंमत माझ्या वर्षाच्या पेन्शनपेक्षा कमी, म्हणून धीर केला.

हा लाल खडू म्हणजे आपल्या गेरूचाच भाऊ. दोन्हींत हेमॅटाइट, जांभ्याची लालीही लोहाच्याच ऑक्साइडची. वेंगुर्ल्यात तुळशीवृंदावनाला गेरू लावताना माझी बोटं ज्या रंगाने माखतात, त्याच रंगात कुणीतरी ही पोटरी वळवली आहे, आणि गुडघ्याखाली कागद कोरा सोडून उजेड पाडला आहे. तो गुडघा मी कितीदा पाहिला असेन! पॅरिसच्या रॉयल अकादमीत (स्थापना 1648) मुलं आधी चित्रांवरून, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून आणि शेवटी जिवंत मॉडेलवरून शिकत. मॉडेल पुरुषच असे. हात तोलून धरायला त्याला काठी किंवा दोरी देत. अशा अभ्यासचित्रालाच 'अकादेमी' म्हणत.

माझा एक जुना विद्यार्थी, स्वतः डावखुरा, मोबाइलवर बघून म्हणाला, "बाई, ह्यां डाव्या हातान काढल्यान दिसता." खरंच, छायेच्या रेघा वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरत होत्या. उजव्या हाताची रेघ सहसा उलट झुकते. काठीही डाव्या हातात. मी मोबाइल कपाटाच्या आरशासमोर धरला, तर काठी उजव्या हातात आली आणि रेघा उजव्या हाताच्या वळणाने झुकल्या. म्हणजे हे चित्रच उलटं असावं.

मग लिलावगृहाकडे कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या स्थितीचा अहवाल, मागितला. दोन दिवसांत तिरप्या उजेडातला, मागच्या बाजूचा आणि खूप मोठा केलेला असे फोटो आले, एक पैसा न घेता. यासाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण. मोठ्या फोटोत ठिपक्यांची जाळी नव्हती. दमार्तोसारखे छपाईसाठी पत्र्यावर खोदकाम करणारे कारागीर बूशे या त्या काळच्या फ्रेंच चित्रकाराची खडूचित्रं ठिपक्यांनी हुबेहूब छापत. तशी ही छपाई नव्हती. पण खडूची भुकटी कागदाच्या उंचवट्यांवर बसलेली नव्हती, दाबून सपाट झाली होती. माझ्या मते हे काउंटरप्रूफ आहे: मूळ चित्रावर ओला कागद दाबून घेतलेला उलटा, फिकट ठसा. त्याने मुळातली सुटी भुकटीही निघून जाते, मग मूळ चित्र कमी पुसटतं. यात कमीपणा काही नाही. त्याच शतकातला फ्रेंच चित्रकार ह्यूबेर रोबेर स्वतः असे ठसे घेई आणि त्यांवर पुन्हा हात फिरवी. किंमत मात्र मूळ चित्राची आणि ठशाची एक नसते, म्हणून ते लिहायलाच हवं. मी कळवलं, तर 'शक्यता आहे' एवढंच उत्तर आलं. वर्णन विक्रीपर्यंत जसंच्या तसं राहिलं. हे मला पटलं नाही. बोली लावायची असेल तर आधी हे फोटो मागवाच, आणि बोलीवर चढणारं कमिशनही धरा.

मी बोली लावली नाही. कागदावर आधीच बुरशीचे तपकिरी डाग होते, आणि आमच्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात माझी स्वतःची कॉलेजातली चित्रं गेली आहेत. अडीचशे वर्षं टिकलेला कागद मी कुठल्या तोंडाने इथे आणू? फोटोची प्रिंट मात्र काढली. तो डावखुरा मुलगा गेरूच्या खड्याने त्याची नक्कल करतोय. त्याच्या रेघा त्या ठशाशी तंतोतंत जुळतात.