हार्ड डिस्कवरून एसएसडीवर: कंपनीचं सॉफ्टवेअर की क्लोनझिला?

लॅपटॉपमध्ये १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, हातात ५१२ जीबीची नवी एसएसडी. विंडोज नव्याने टाकायचं नाही, टॅली आणि प्रिंटरची सेटिंग्ज परत करत बसायचं नाही. आहे ते सगळं उचलून एसएसडीवर न्यायचं आणि तिथूनच बूट करायचं. यासाठी फुकटातले दोन चांगले पर्याय आहेत: एसएसडीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आणि क्लोनझिला, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत (क्लोन) काढणारं फुकट सॉफ्टवेअर. (याच कामाच्या मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती बंद झाली. जुने व्हिडिओ अजून तीच सुचवतात, त्यात वेळ घालवू नका.)

वरच्या परिस्थितीत मी डोळे झाकून कंपनीचं सॉफ्टवेअर घेईन, कारण आकार. क्लोनझिला नेहमीच्या पद्धतीत मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर क्लोन करत नाही, मग त्यात डेटा १५० जीबीच का असेना. तरी करायचंच तर आधी सी ड्राइव्ह लहान करा, तिथे न हलणाऱ्या फाइल आडव्या आल्या की हायबरनेशन आणि पेजफाइल (विंडोज मेमरीला जोड म्हणून वापरतं ती फाइल) बंद करा, आणि शेवटी एक्स्पर्ट मोडमध्ये जाऊन आकाराची तपासणी वगळा. सॅमसंग मॅजिशियन किंवा क्रुशल आणि डब्ल्यूडीच्या ग्राहकांना मिळणारं अक्रोनिस ही कटकट स्वतः निस्तरतं. डेटा मावला की झालं. अट एवढीच की ड्राइव्ह त्या कंपनीचा हवा. अनोळखी ब्रँडची स्वस्त एसएसडी घेतली असेल तर हा रस्ता बंद.

क्लोनझिलाला ब्रँडशी देणंघेणं नाही. पेनड्राइव्हवरून चालू होतं, लिनक्स किंवा ड्युअल बूटही उचलतं, आणि वापरलेले ब्लॉकच कॉपी करत असल्यामुळे वेगवान आहे. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी असेल तर माझी पसंती यालाच. पण स्क्रीन सगळी अक्षरांची, आणि डिस्कची नावं 'एसडीए', 'एसडीबी' अशी. आधी मूळ डिस्क विचारतं, मग नवी. इथे उलटापालट झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते! नावापुढचा आकार आणि मॉडेल वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका. मोठ्या डिस्कवर उरलेली जागा शेवटी मोकळी राहते, आणि मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर विंडोज सी ड्राइव्ह वाढवू देत नाही. ते पार्टिशन जीपार्टेडने (पार्टिशन हलवणारं सॉफ्टवेअर) सरकवावं लागतं.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, दोन्हीकडे डोकेदुखी. अनेक नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू असतं. क्लोनझिलाला आतलं वाचता येत नाही, म्हणून ते मोकळ्या जागेसकट सगळं कॉपी करत बसतं. आधी एन्क्रिप्शन बंद करा, रिकव्हरी की लिहून ठेवा. पहिल्यांदा बूट करताना जुनी डिस्क काढलेलीच बरी, कारण दोघींची ओळख सारखी असली की विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं.

हेतू बॅकअपचा असेल तर मात्र क्लोन नको, इमेज (सगळी डिस्क फाइलच्या रूपात साठवलेली प्रत) घ्या. यूएसबीला लावलेल्या क्लोनवरून विंडोज सहसा बूट होत नाही. एम-सिरीजच्या (ॲपलची स्वतःची चिप असलेल्या) मॅकवर तर आतली एसएसडी गेली की बाहेरच्या डिस्कवरूनही मशीन सुरू होत नाही.