अँकी : ॲप फुकट, कार्डं मात्र आपली आपणच लिहायची

दिसायला अगदीच रूक्ष. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणलेलं हे फ्लॅशकार्डांचं (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) ॲप संगणकावर फुकट आहे, अँड्रॉइडवर 'अँकीड्रॉइड' फुकट आहे. आयफोनवर 'अँकीमोबाइल'साठी एकदाच साधारण २५ डॉलर पडतात. मिळत्याजुळत्या नावाने दरमहा पैसे मागणारी ॲपं वेगळी, त्यांच्या नादी लागू नका.

नोट्स पुन्हा वाचल्या की सगळं येतंय असं वाटतं, कारण मजकूर ओळखीचा असतो. ओळखणं सोपं, आठवणं अवघड. आणि आठवण पक्की होते ती आठवायला लागल्यावरच. अँकी उत्तर झाकून ठेवतं ते त्यासाठी. उत्तर उघडल्यावर कितपत आठवलं होतं ते आपणच बटण दाबून सांगायचं. नवी माहिती आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने टिकते. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, ती सावकाश रुजते आणि त्यात झोपेचा मोठा वाटा असतो. एका रात्रीत घोकलेलं म्हणूनच चार दिवसांत उडतं. अँकी नवं कार्ड १ मिनिटाने, १० मिनिटांनी, मग दुसऱ्या दिवशी विचारतं. पुढे आठवत गेलं तसं अंतर वाढवतं, विसरायच्या बेतात असताना गाठतं.

खरी गोची कार्डांत आहे. 'राज्य पुनर्रचना आयोगाची माहिती' हे कार्ड वाया गेलं: अर्धं आठवलं तर बटण कोणतं दाबणार? त्याचे तुकडे करा. अध्यक्ष कोण? फजल अली. नेमणूक? १९५३. अहवाल? १९५५. कायदा? १९५६. एका कार्डावर एकच प्रश्न, उत्तर दोन-चार शब्दांत. दुसऱ्याचा दहा हजार कार्डांचा आयता डेक, म्हणजे संच, उतरवून घेणं मोहाचं, पण न समजलेलं पाठ करण्यात जीव जातो.

बटणांत सर्रास होणारी चूक म्हणजे विसरल्यावर 'हार्ड' दाबणं. 'हार्ड' म्हणजे आठवलं, पण कष्टाने. विसरलात तर 'अगेन'च. नाहीतर अंतराचं गणित बिघडतं. रोज २० नवी कार्डं हा ॲपमधला मूळ आकडा जरा जास्तच आहे, काही आठवड्यांत उजळणी दीड-दोनशेवर जाते. सुरुवात ८-१० ने करा. सेटिंगमध्ये एफएसआरएस (उजळणीचं अंतर ठरवणारी नवी पद्धत) चालू करून अपेक्षित स्मरण ९० टक्क्यांवरच राहू द्या. ९७ केलंत तर कामाचा डोंगर होतो. एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की ॲप त्याला 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण लावतं. ते घोकत बसू नका, नव्याने लिहा.

दुसऱ्या उपकरणावर पहिल्यांदा सिंक करताना, म्हणजे सर्व्हरवरची कार्डं जुळवून घेताना, दोन्हीकडे कार्डं असतील तर 'अपलोड की डाउनलोड' असं विचारलं जातं. नव्या फोनवर चुकून अपलोड दाबलंत तर सर्व्हरवरची सगळी कार्डं पुसली जातील. त्याआधी संगणकावर फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून ठेवा.