कॅम्पस टूर, स्टेडियम आणि फीचे बिल: सात अमेरिकी कॉलेजे पाहिल्यानंतरचे परीक्षण

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मूल अकरावीत गेले की उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जायचे की कॉलेजे पाहायला निघायचे, हा प्रश्न उभा राहतो. आम्ही यंदा कॉलेजे पाहिली. मार्चच्या सुट्टीपासून ऑगस्टपर्यंत सात ठिकाणच्या कॅम्पस टूर केल्या, त्यांच्या माहितीसत्रांना बसलो, आणि मोठ्या मुलाच्या कॉलेजचे बिल गेली दोन वर्षे भरत असल्यामुळे दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची किंमत मनात मांडत गेलो. ज्या शिक्षणासाठी बरीच नामांकित खासगी कॉलेजे आज वर्षाला ८० ते ९० हजार डॉलर छापील खर्च सांगतात, त्याच्या विक्रीची सुरुवात या दोन तासांत होते, म्हणून या टूरचे परीक्षण एखाद्या महागड्या सेवेसारखे काटेकोरपणे करावे असे मला वाटले.

व्यवस्थेला नावे ठेवायला जागा नाही. वेळ पाळली जाते, पाण्याच्या बाटल्या मिळतात, आणि वाट दाखवणारी मुले पालकांकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत, दीड तास न अडखळता बोलतात. ही मुले हुशार असतात, आपल्या कॉलेजवर त्यांचे खरे प्रेम असते, आणि त्यांच्या सांगण्यातला कोणताही शब्द खोटा नसतो. माझा आक्षेप त्यांना आखून दिलेल्या मार्गावर आहे. एका मोठ्या सरकारी विद्यापीठात आम्हाला अमेरिकन फुटबॉल संघाच्या इमारतीत नेले, तेव्हा काचेच्या दारामागे प्रत्येक खेळाडूच्या नावाची पाटी असलेले लाकडी कपाट होते, त्याच्या आतून मंद दिवा लागलेला होता, आणि जमिनीवरच्या गालिच्यात विणलेल्या विद्यापीठाच्या चिन्हावर कुणी पाय ठेवू नये म्हणून भोवती दोरी बांधलेली होती. तिथे आम्ही वीस मिनिटे थांबलो. रसायनशास्त्राच्या इमारतीवरून मात्र बाहेरूनच गेलो, कारण उशीर झाला होता. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या वर्गात किती मुले असतात आणि ट्यूटोरियल प्राध्यापक घेतात की पीएचडी करणारे विद्यार्थी, हे मी विचारले, तेव्हा ती माहिती विभागाकडून मिळेल असे उत्तर आले. गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आई, लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, ते कुणीच सांगितलं नाही." तिचा प्रश्न माझ्यापेक्षा नेमका होता.

आता बिलाकडे येते. मोठ्या मुलाच्या पहिल्या सत्राच्या बिलात शिकवणी, खोली आणि जेवण यांच्याखाली "सर्वांना अनिवार्य" अशी एकच ओळ होती आणि तिची रक्कम चार आकडी होती. तिची फोड मागायला मी पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले, त्यातून कळले की त्या रकमेचा मोठा भाग खेळविभागाला जातो. माझ्या मुलाने त्या मैदानात एकही सामना पाहिलेला नाही, आणि शनिवारी तो विद्यापीठाच्याच उपाहारगृहात काम करतो. त्या विद्यापीठाचे नाव मी इथे घेत नाही, कारण ही पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि काही ठिकाणी ती उघड नोंदलेलीही असते. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात खेळांसाठीचे शुल्क प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला २,००० डॉलरांहून अधिक आहे, आणि त्या राज्याने अशा शुल्कावर मर्यादा घालणारा कायदा २०१५ मध्ये केला आहे.

या खर्चाचे समर्थन करताना माहितीसत्रात साधारण एकच युक्तिवाद ऐकू येतो. संघ टीव्हीवर दिसतो, नाव देशभर पोहोचते, अर्ज वाढतात आणि त्याचा फायदा सगळ्यांना होतो. याचे नेहमीचे उदाहरण बोस्टन कॉलेजचे दिले जाते. नोव्हेंबर १९८४ मध्ये डग फ्लूटी या खेळाडूने मायामी विद्यापीठाच्या संघाविरुद्ध शेवटच्या क्षणी लांब पल्ल्याचा पास टाकून सामना जिंकून दिला, आणि पुढच्या दोन वर्षांत कॉलेजकडचे अर्ज सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. मात्र तिथले अर्ज त्याआधीही वाढत होते, नवी वसतिगृहे उभी राहत होती, हा भाग सांगताना गळतो. आणि समजा अर्ज खरेच खेळामुळे वाढले, तरी त्यातून आधीच्या विद्यार्थ्याची फी कमी झाल्याचे मला कुठल्याही सत्रात कुणी दाखवले नाही. जास्त अर्ज आले की जास्त मुलांना नकार देता येतो, आणि मग तो नकारच जाहिरातीत मिरवता येतो.

हिशेबही या युक्तिवादाच्या बाजूने उभा राहत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांचा खेळविभाग मिळवतो त्यापेक्षा जास्त खर्च करतो, आणि नफ्यात असणारे विभाग मोजकेच आहेत. आमच्या राज्याचे रटगर्स विद्यापीठ तर या खेळाच्या इतिहासाच्या आरंभी आहे, कारण कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला होता. हेच विद्यापीठ २०१४ मध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या बलाढ्य क्रीडागटात गेले आणि २०१९ मध्ये त्याने फुटबॉल प्रशिक्षकाशी ८ वर्षांचा ३ कोटी २० लाख डॉलरांचा करार केला. खेळविभागाची तूट मात्र विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरून काढली जात असल्याची टीका या राज्यात वर्षानुवर्षे होत आली आहे. ऋण काढून सण करणे म्हणतात ते हेच, आणि इथे ऋण अठरा वर्षांच्या मुलांच्या नावावर चढते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. ज्यांच्या घामावर हा सगळा डोलारा उभा आहे त्या खेळाडूंना पैसे मिळावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते पैसे कुठून येणार, हे मात्र पालकांनी प्रत्येक ठिकाणी विचारले पाहिजे.

तथापि फुटबॉल बंद केला की शिक्षण स्वस्त होईल, असे समजणेही चूक ठरेल, आणि याचा पुरावा शिकागो विद्यापीठ आहे. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या काळात, १९३९ मध्ये, त्यांनी आपला नावाजलेला संघ बंद केला. रिकाम्या पडलेल्या त्याच स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित अणुशृंखला अभिक्रिया घडवली. मैदानापेक्षा प्रयोगशाळा मोठी मानणाऱ्या विद्यापीठाची याहून चांगली कथा सापडणार नाही. आज फुटबॉल तिथे पुन्हा आहे, पण लहान प्रमाणावर आणि खेळाडू शिष्यवृत्तीशिवाय. तरीही तिथला वर्षाचा छापील खर्च ९० हजार डॉलरांच्या वर आहे. २००५च्या सुमारास जिथे दहातल्या चार अर्जदारांना प्रवेश मिळत असे, तिथे आता शंभरातल्या पाचांच्या आसपास मिळतो. खेळाचे काम तिथे प्रतिष्ठा एकटीच करते.

किंमत हीच प्रतिष्ठेची खूण मानली जाते, हे समजून घेतल्याशिवाय या बाजारात पाऊल टाकू नये. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे १९८८ ते २००७ या काळातले अध्यक्ष स्टीफन ट्रॅक्टनबर्ग यांनी फी देशातल्या सर्वांत महाग कॉलेजांच्या पंक्तीत नेऊन ठेवली, आणि महाग ते चांगले या ग्राहकाच्या समजुतीवर ही रचना उभी असल्याचे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्यही केले. दुसरीकडे खासगी कॉलेजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्कात सरासरी निम्म्याहून अधिक सवलत देतात. म्हणजे छापील किंमत बरेच जण भरतच नाहीत, आणि ज्या घराला हे ठाऊक नसते ते आकडा पाहूनच माघार घेते किंवा पोटाला चिमटा काढून तो पूर्ण भरते. पुण्या-मुंबईहून पदवीसाठी मूल पाठवणाऱ्यांनी तर हे दोनदा तपासावे, कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही आणि त्याची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देणारी कॉलेजे मोजकीच आहेत.

या प्रतिष्ठेचे गिऱ्हाईक आपणही आहोत, हे लिहिताना मला वाईट वाटते. मंडळाच्या गणपतीत पहिला प्रश्न "कुठे मिळालं?" असा असतो, आणि नाव ओळखीचे नसेल तर समोरच्याचा चेहरा उतरलेला त्या मुलाला दिसतो. माझ्या मोठ्या दिरांनी पुण्याहून फोनवर विचारले, "वहिनी, हे कॉलेज आपल्याकडे कुणी ऐकलंय का?" त्यांची काळजी खरी होती, पण ज्या कॉलेजबद्दल ते विचारत होते तिथला संगणकशास्त्राचा विभाग आम्ही पाहिलेल्या सातांत मला सर्वांत चांगला वाटला.

खेळाच्या विरोधात मी नाही. १९७२च्या टायटल नाइन कायद्यामुळे अमेरिकेत लाखो मुलींना मैदान मिळाले आणि माझी लेक स्वतः शाळेच्या संघातून पोहते. अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजने २०१२ मध्ये घेतलेला निर्णय म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. सुमारे २,१०० विद्यार्थिनींपैकी जेमतेम ८० जणी आंतरमहाविद्यालयीन संघांत होत्या आणि त्यांच्यावर वर्षाला जवळजवळ १० लाख डॉलर खर्च होत होते, तेव्हा कॉलेजने ते संघ बंद करून पैसा सर्वांच्या व्यायामाकडे आणि आरोग्याकडे वळवला.

टूरला जरूर जावे, पण आधी कॉलेजच्या संकेतस्थळावरचे निव्वळ खर्चाचे गणकयंत्र, म्हणजे मदत वजा जाता आपल्या घराला साधारण किती खर्च येईल ते सांगणारे साधन, भरून जावे. २०११ पासून ते ठेवणे बंधनकारक आहे. अनिवार्य शुल्काची ओळीनिहाय फोड लेखी मागावी, आणि ज्या विषयासाठी मूल जाणार आहे त्या विभागात स्वतंत्र भेट ठरवावी. सातव्या ठिकाणी, पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात, आम्ही हे केले. फीच्या कार्यालयातल्या बाईंनी शुल्काचा कागद छापून हातात दिला, जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रयोगशाळेचे दार उघडून लेकीला अर्धा तास सूक्ष्मदर्शकापाशी बसवले, आणि लायब्ररी रात्री दोनपर्यंत उघडी असते हे तिने स्वतःच विचारून घेतले. आमच्या यादीत ते कॉलेज सध्या पहिले आहे.