आई-बाबांना न्यूयॉर्कला बोलावताय? थेट विमान की मधे थांबा?

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. लंडनवरून गेलात तर जेमतेम दोनशे किलोमीटर वाढतात आणि अबू धाबीवरून गेलात तर पाचशेच्या आसपास. एवढ्या लांबच्या प्रवासात हा फरक किरकोळ आहे, त्यामुळे किलोमीटर मोजत बसू नका. प्रवास कुठे तुटतो ते बघा.

थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून तास-दीड तास कमी. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केल्यावर त्यांची पश्चिमेकडची उड्डाणे लांबली, त्यामुळे तिकिटावरची वेळ नीट वाचून घ्या. तिकीट बहुधा महाग पडतं. पण एकदा बसलं की उतरायचं ते थेट न्यूयॉर्कलाच, ना गेट शोधणं, ना पुढचं विमान चुकायची धास्ती. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या, इंग्रजीची सवय नसलेल्या आई-बाबांसाठी मी डोळे झाकून हेच तिकीट काढेन.

गुडघे किंवा पाठ धरत असेल तर मात्र गणित बदलतं. लंडनवरून गेल्यास आधी दहा तास, मग आठ तास, म्हणजे प्रवास जवळपास निम्म्यावर तुटतो. मधे पाय मोकळे होतात, गरम काहीतरी खाता येतं. हिथ्रोला टर्मिनल बदलावं लागलं तर बस आणि पुन्हा सुरक्षा तपासणी, म्हणून हातात तीन तास तरी हवेत.

अबू धाबीचा थांबा स्वस्त मिळतो म्हणून अनेकजण घेतात, पण तिथे तीन तासांनी उतरायचं आणि पुढे सलग चौदा तास बसायचं. पाठीला त्याचा काहीच उपयोग नाही. त्याचा फायदा वेगळाच आहे: अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं. न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग नाही, बॅगा घेतल्या की थेट बाहेर. ‘किती दिवस राहणार, कोणाकडे जाणार’ या प्रश्नांचं ज्यांना दडपण येतं, त्यांना थकून उतरल्यावर ते झेलावे लागत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. फक्त ही तपासणी मधल्या वेळातच होते, तेव्हा दीड तासाचा थांबा घेऊ नका.

थांबा घेतलाच तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा आणि सीट पॅसेजकडेची घ्या, म्हणजे कोणाला न उठवता दर दोन तासांनी फेरी मारता येते.