रोटरी क्लबची गुरुवारची सभा : वर्षभराच्या उपस्थितीनंतरचा अभिप्राय

गावात एखादा सेवाभावी क्लब आहे हे बहुतेकांना स्थानिक वर्तमानपत्रातील पदग्रहण समारंभाच्या छायाचित्रावरूनच कळते. फेटे बांधलेले पदाधिकारी, हारतुरे आणि मागे चाकाचे बोधचिन्ह असलेला फलक, एवढीच आमच्या तालुक्याच्या गावातील रोटरी क्लबशी माझी ओळख होती आणि त्याविषयीचे माझे मतही फारसे अनुकूल नव्हते. गेल्या जुलैत एका स्नेह्यांनी आग्रहाने पाहुणा म्हणून नेले, तीन सभांनंतर मी सभासद झालो आणि वर्षभरात चाळीसहून अधिक गुरुवार त्या सभागृहात बसलो. पुढे काही उणिवाही सांगायच्या असल्याने क्लबचे नाव मी येथे देत नाही. मात्र माझे म्हणणे प्रारंभीच सांगतो : अशा क्लबची पारख त्याच्या समारंभांवरून न करता, बाहेरच्या कोणाच्याही लक्षात न येणाऱ्या त्याच्या साप्ताहिक सभेवरून करावी.

दर आठवड्याला भेटणे ही या संस्थेची मूळ प्रकृतीच आहे. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस हे वकील आपल्या तीन परिचितांसह, म्हणजे एक कोळशाचे व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी यांच्यासह, एका कचेरीत बसले, तेव्हा त्यांच्यापुढे कोणताही सेवाप्रकल्प नव्हता. वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसांनी एकमेकांना नियमित भेटावे एवढाच हेतू होता. सभा आळीपाळीने सभासदांच्या कचेऱ्यांत फिरत असे, त्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडले. मुंबईत क्लब स्थापन झाला तो 1929 मध्ये. महिलांना सभासदत्वाचे दार जगभर उघडण्यास मात्र 1989 साल उजाडले आणि त्या विलंबाची छाया आमच्या क्लबवर आजही दिसते. चौतीस सभासदांत सहाच महिला आहेत.

आमची सभा नगर वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात सायंकाळी साडेसातला भरते. अध्यक्ष घंटेवर टोला देतात, राष्ट्रगीत होते, त्यानंतर ‘चतुर्विध कसोटी’ सर्व जण उभे राहून म्हणतात : जे आपण बोलतो, करतो ते सत्य आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, त्यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, ते सर्वांच्या हिताचे ठरेल का. हर्बर्ट टेलर या व्यावसायिकाने 1932 मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असलेल्या आपल्या भांड्यांच्या कंपनीसाठी हे चार प्रश्न लिहून काढले होते. पहिले काही आठवडे मी ते केवळ ओठ हलवून म्हणत असे. पुढे एका सभेत जलशुद्धीकरण यंत्राच्या खरेदीची चर्चा चालू असताना ते यंत्र पुरवू इच्छिणाऱ्या सभासदालाच दुसऱ्या सभासदाने या चारांतील दुसरा, न्याय्यतेचा प्रश्न शांतपणे विचारला आणि त्या गृहस्थांनी आपली निविदा मागे घेतली, तेव्हा या वाक्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

सचिवांच्या सूचना आणि वाढदिवसांच्या शुभेच्छा झाल्या की ‘हॅपी बॉक्स’ फिरतो. ज्याला आनंदाची बातमी सांगायची असेल त्याने ती एका मिनिटात सांगावी आणि पेटीत पन्नास-शंभर रुपये टाकावेत, अशी ही प्रथा आहे. बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्या आमच्या एका भगिनी एकदा सोबत वॉकर घेऊनच सभेला आल्या. वडिलांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो त्यांनी क्लबच्या रुग्णसाहित्य केंद्रातून नेला होता. वडील आता आधाराशिवाय चालू लागले, म्हणून वॉकर परत आणला, एवढे सांगून त्यांनी पेटीत शंभराची नोट टाकली आणि तो भिंतीशी ठेवून दिला. पुढच्याच आठवड्यात तो दुसऱ्या घरी गेला. पलंग, चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कमोड खुर्च्या परत मिळण्याजोगी अनामत घेऊन देणारे हे केंद्र मला या क्लबचे सर्वांत उपयुक्त काम वाटते. त्याची नोंदवही दर गुरुवारी सभेत फिरते, त्यामुळे कोणती वस्तू कोणाकडे आणि किती दिवस आहे, हे सर्वांसमोर येते. असे केंद्र चालू कसे राहते, याचे उत्तरही या नोंदवहीत आहे.

सभेचा मुख्य भाग म्हणजे अर्ध्या तासाचे व्याख्यान. त्याचा दर्जा सारखा नसतो. गुंतवणुकीवरील दोन व्याख्याने सरळसरळ विक्रीची होती आणि ती ठेवायलाच नको होती. याउलट ऑगस्टमध्ये एका ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी सर्पदंशावर केलेले विवेचन मी विसरणार नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडील चार प्रमुख विषारी सापांवर एकच प्रतिसर्पविष चालते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो, तो दुखत नाही आणि दिसतही नाही, त्यामुळे पहाटे पोटात कळा येऊन पापण्या जड होऊ लागल्या तरी घरचे अपचन समजून वेळ घालवतात. दंशाच्या जागी चिरा पाडणे किंवा वर घट्ट आवळपट्टी बांधणे घातक ठरते. हे सर्व त्यांनी गावाकडच्या भाषेत समजावले. व्याख्यान संपल्यावर टाळ्या झाल्या आणि नेहमीप्रमाणे चहा आला. परंतु त्या चहावरच, दिवाळीनंतर येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या खोपटांचा विषय निघाला. ती माणसे जमिनीवरच झोपतात. नोव्हेंबरपर्यंत वर्गणी जमली आणि गमबूट, मच्छरदाण्या, बॅटऱ्या आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता दाखवणारी माहितीपत्रके घेऊन आम्ही दोन वस्त्यांवर गेलो. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली की सापही आत येत नाही, हे तेथील एका आजीबाईंनी आमच्याआधीच इतरांना सांगायला सुरुवात केली होती. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या मंडळींकडून हे काम हंगामाआधी उभे राहिले असते, असे मला वाटत नाही.

फेब्रुवारीतील कृत्रिम हातांच्या शिबिराचाही उल्लेख करायला हवा. एर्नी मेडोज या अमेरिकी रचनाकाराने आपल्या दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ तयार केलेला ‘एलएन-4’ हा हात रोटरी क्लबांमार्फत गरजूंना विनामूल्य बसवला जातो. त्यासाठी कोपराखालचा काही भाग शाबूत असावा लागतो. कडबाकुट्टीत उजवा हात गमावलेले एक शेतकरी माझ्या टेबलाशी बसले होते. पट्टा आवळून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने त्या हाताची बोटे मिटवून पेन धरले, कागदावर आपले नाव लिहिले, वाकडे आले म्हणून पुन्हा लिहिले आणि तिसऱ्या वेळी कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर स्टीलचा पेला उचलून पाणी प्यायले. त्या दिवशी कोणीही भाषण केले नाही, याबद्दल मी आमच्या अध्यक्षांचा ऋणी आहे.

आता उणिवा. साडेसातची सभा आठला दहा कमी असताना सुरू होते, याचा फटका वेळेवर येणाऱ्यांना आणि विशेषतः महिला सभासदांना बसतो. प्रांतपालांच्या, म्हणजे आमच्या विभागातील सर्व रोटरी क्लबांच्या प्रमुखांच्या, अधिकृत भेटीच्या दिवशी शाल-श्रीफळ आणि परिचय यांत सव्वा तास गेला आणि प्रकल्पांविषयी बोलायला वीस मिनिटे उरली. समोर सर्व मराठी माणसे असताना कार्यवृत्त इंग्रजीत वाचले जाते. एका दूध संकलन केंद्राच्या चालकांनी सभांना येणे थांबवण्यामागे, माझ्या समजुतीप्रमाणे, हेच कारण होते. वर्गणीविषयीही आधी स्पष्टता नव्हती. मला वार्षिक 9,000 रुपये सांगण्यात आले. प्रत्यक्षात प्रांताची वर्गणी, डॉलरमध्ये ठरणारी आंतरराष्ट्रीय वर्गणी आणि कौटुंबिक स्नेहमेळाव्यांचा खर्च धरून ही रक्कम 14,000 च्या पुढे गेली. खर्च अवाजवी नाही, पण तो आधी सांगायला हवा होता.

2016 पासून नियम शिथिल झाले असून महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालतात. जानेवारीत आमच्याकडेही पंधरवड्याने भेटण्याचा प्रस्ताव आला. व्यवसायाची धावपळ, मुलांच्या परीक्षा, घटती उपस्थिती ही कारणे खरीच होती. चौतिसांपैकी अठरा-वीस जणच नियमित येतात. तरीही मी प्रस्तावाच्या विरोधात मत दिले आणि तो चार मतांनी फेटाळला गेला. पोलिओ निर्मूलनाचे ध्येय रोटरीने 1985 मध्ये जाहीर केले आणि भारतात वन्य, म्हणजे लसीतून न आलेल्या, विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी आढळला. मधल्या पंचवीस वर्षांत आमच्या क्लबमधील जुन्या सभासदांनी लसीकरणाच्या रविवारी बूथवर कोण बसणार याच्या याद्या याच गुरुवारच्या सभांत केल्या होत्या; ती जीर्ण झालेली वही आजही कपाटात आहे.

सभासद होण्याचा विचार असलेल्यांनी प्रथम किमान तीन सभांना पाहुणे म्हणून बसावे. पाहुण्यांकडून शुल्क घेतले जात नाही. त्यांतील एक सभा व्याख्यान नसलेली, केवळ कामकाजाची असावी, कारण पैशांविषयी आणि कामाच्या वाटपाविषयी ही माणसे एकमेकांशी कशी बोलतात ते तेथेच ऐकायला मिळते. खजिनदारांकडून वर्षभराच्या सर्व खर्चाचा तपशील लेखी मागून घ्यावा. नवे वर्ष 1 जुलैला सुरू होते, त्यामुळे मे-जूनमधील सभा यासाठी सोयीच्या पडतात.