साडेसातशेची तलवार

उदगीरला शाळेच्या मागच्या मैदानावर मी लाठीकाठीचा वर्ग घेतो. बावीस लेकरं आहेत, त्यात तेरा मुली. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी आमची प्रात्यक्षिकं असतात. यंदा लेकरांनी हट्ट धरला, उदगीरची लढाई करायची. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊ पेशव्यांनी निजामाला नमवलं ती. किल्ला रोज डोळ्यांसमोर, मग नुसत्या काठ्या फिरवून कसं भागणार? बोथट तलवारी पाहिजेत, दांडपट्टे पाहिजेत. पालकांकडून पाचपाचशे गोळा केले, अकरा हजार जमले.

तेवढ्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. हिरव्या भिंतीपुढं एक माणूस तलवार गुडघ्यावर धनुष्यासारखी वाकवतो, सोडली की ती टणकन सरळ. "स्प्रिंग स्टील, कारखान्यातून थेट, सरावासाठी खास." तलवार ७५०, पट्टा ९००, तेलात मुरवलेली लाठी १२०. मी फोन केला. माणूस बोलायला लई गोड, दर वाक्याला "सर". "धार पाहिजे तर शंभर रुपये जास्त," म्हणाला. मी नको म्हणालो. खरं तर तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं. लेकरांच्या सरावाचं सामान विकणारा धार लावायची गोष्ट काढतोच कशाला?

सहा तलवारी, चार पट्टे, वीस लाठ्या. १०,५०० झाले. निम्मे फोनपेवर आगाऊ, निम्मे बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, सोडवताना, वर ८०० भाडं. ट्रान्सपोर्टवाला पैसे भरल्याशिवाय गोणीला हात लावू देत नाही, आणि गोणी शिवलेली. म्हणजे माल दिसायच्या आतच सगळे पैसे गेले. अकरा हजारांच्या वरचे तीनशे माझे.

पट्ट्यांचं सोंग पहिल्याच दिवशी उघडं पडलं. पातं वाकवलं तर वाकलेलंच राहिलं. कूलरच्या पत्र्याला पट्टीसारखं कापून पॉलिश मारलेलं. खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या लोखंडी कवचात, जी आडवी मूठ धरायची, तिला दोन्हीकडं वेल्डिंगचा एकेकच टाका. पट्टे बाजूला ठेवले. तलवारी मात्र वजनदार होत्या, म्हटलं, चला, एवढ्या तरी बऱ्या निघाल्या.

चौथ्या दिवशी आठवीतली एक मुलगी डोक्यावरून हात फिरवत होती. एकदम आवाज झाला तो पत्र्याच्या शेडवर. पातं मुठीतून सुटून शेडला लागलं आणि खाली पडलं, ओळीत बसलेल्या लहान लेकरांपासून दोन हातांवर. पोरगी नुसती मूठ धरून उभी. "सर, हे माझ्या हातून नाही झालं," एवढंच म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वेल्डरकडं जाऊन उरलेल्या पाचही मुठी उघडल्या. पात्याच्या बुडाला दोन बोटं लांबीची सळई जोडलेली, जोड काळा पडलेला, आणि मुठीच्या पोकळीत लाकडाचा भुसा चिकट रसायनात कालवून भरलेला. वजन होतं ते मुठीचं, ओतीव लोखंडाचं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर त्याचं उत्तर तयार, "सर, पूर्वीपासून तलवार लाखेनंच बसवतात." अर्धं खरं आहे हे. जुन्या तलवारींत पात्याचं शेपूट मुठीत लाखेनंच बसवायचे. पण ते शेपूट पात्याच्याच पोलादातून काढलेलं असायचं, वरून डकवलेली सळई नव्हे. आणि लाख कुठं, भुसा कुठं!

लाठ्यांचं तर बुरूड गल्लीतल्या मामांनी बघताक्षणी सांगितलं. एक लाठी दगडावर आपटली, बारीक छिद्रांतून पिवळी भुकटी गळाली. "गुर्जी, ही अवेळी तोडलेली हाय. कीड लागलीय, वरून वार्निश मारलंय." बांबूत पिष्ट जास्त असताना तोडला की कीड तुटून पडते, हे मला ठाऊक होतं, वार्निशखाली बघायचं मात्र सुचलं नाही. मामांकडं भरीव मानवेल बांबूची काठी नव्वद रुपयांना होती, घरापासून दहा मिनिटांवर.

पैसे परत मागितले तेव्हा गोड माणसाचा आवाज बदलला. "करा तक्रार. तलवारी तुम्ही मागवल्या, अडकाल तुम्हीच." खरं सांगतो, मी घाबरलो. २०१८ ला औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्या होत्या, ते डोक्यात होतं. आठ दिवस गप्प बसलो. त्या माणसाचा धंदा याच आठ दिवसांवर चालतो, हे मला नंतर उमगलं.

शेवटी एक पातं गोणपाटात गुंडाळून ठाण्यात गेलो. जमादारांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि हसले. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, त्यामुळं धारेची मागवली असती तर गोष्ट वेगळी होती, म्हणाले. वर्गातल्या सामानाची यादी आणि मिरवणुकीचा अर्ज आधीच ठाण्यात देऊन ठेवा, असंही सांगितलं. आता तसं करतो.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली. पण बिलावर बारीक अक्षरात "शोभेच्या वस्तू" लिहिलेलं. सरावाचा शब्दच नाही. "सरावासाठी खास" म्हणणारा व्हिडिओ मी सेव्ह केला नव्हता आणि गप्पा सगळ्या फोनवर झालेल्या. पैसे आले नाहीत. पालकांच्या बैठकीत उभं राहून हिशेब दिला तेव्हा कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

लढाई आम्ही मामांच्या काठ्यांवर केली. पुढं तलवार घेईन ती दुकानात जाऊन, मूठ माझ्यासमोर उघडून दाखवणाऱ्याकडूनच, आणि बिलावर "सरावासाठी, बोथट" लिहून घेऊन.

परवा एका पालकांनी नवीन व्हिडिओ पाठवला. दुकानाचं नाव वेगळं, नंबर वेगळा, तलवार आता ६९९ ला. भिंत तीच हिरवी.