शार्कची धास्ती असलेल्यांनी पहिला स्कूबा डाइव्ह बुक करण्याआधी

इन्स्ट्रक्टरला पाचपैकी पाच, बोटीवरच्या कारभाराला जेमतेम तीन. मला पोहता येतं, पाण्याची भीती नाही. भीती शार्कची, लहानपणापासूनची.

बुकिंगच्या आधी फोनवर सरळच विचारलं, "तिथे शार्क असतात का?" आणखी दोन ठिकाणी "छे हो मॅडम, अजिबात नाही" असं ऐकून झालं होतं. इथल्या बाई म्हणाल्या, "असतात. दिसला तर तुमचं नशीब चांगलं." पोटात गोळा आला, पण त्याच उत्तरावर मी पैसे भरले. समुद्रात शार्कच नाहीत असं छातीठोक सांगणारा माणूस हवेचा सिलिंडर तरी नीट तपासत असेल का?

ब्रीफिंगमध्ये आकडे आलेच. शार्कच्या ५००हून जास्त जाती आहेत, त्यातल्या बहुतेकांपासून माणसाला धोका नाही. २०२४ साली कुणी डिवचलेलं नसताना चावल्याच्या नोंदी जगभरात ४७, त्यातले मृत्यू ४. चावे बहुतांशी सर्फिंग करणाऱ्यांना आणि पोहणाऱ्यांना. हे सगळं मी आधीच वाचलेलं होतं आणि रात्री अंथरुणात त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. उपयोग झाला तो पुढच्या भागाचा. मास्कमधून पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते, शिवाय जवळ वाटते. म्हणजे दोन मीटरचा वाटणारा शार्क प्रत्यक्षात दीडच मीटरचा! मग दिसल्यावर करायचं काय, तेही शिकवलं: हातपाय झाडायचे नाहीत, पाठ फिरवून पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश इन्स्ट्रक्टरजवळ सरकायचं. शार्कची खूण म्हणजे उभा तळवा कपाळावर, शार्कच्या पाठीवरच्या परासारखा. ती इन्स्ट्रक्टर बाईंनी माझ्याकडून इतक्यांदा करून घेतली की शेवटी मलाच हसू आलं.

उथळ पाण्यात सराव करताना माझी खरी अडचण बाईंनी बरोबर हेरली. मास्कमुळे बाजूचं दिसत नाही, मागचं तर नाहीच, आणि मनातला शार्क नेहमी मागूनच येतो. मी सारखी वळून बघत होते, त्यात श्वास वाढत होता आणि हवा भराभर संपत होती. मग बाईंनी पाटीवर लिहिलं, "मागचं मी बघते." आणि डाइव्हभर माझ्या सिलिंडरवरचा हात काढला नाही. श्वास कधीच रोखायचा नाही, बाहेर सोडताना लांबवायचा, एवढंच काम माझ्याकडे उरलं. नवख्यांची १२ मीटरची मर्यादा त्यांनी काटेकोर पाळली, कान मोकळे व्हायला हवा तेवढा वेळ दिला.

आणि हो, दिसला. व्हाइटटिप रीफ शार्क, खडकाच्या कपारीखाली वाळूवर पडलेला. ही जात दिवसा बरीचशी अशी पडूनच असते. आधी शेपटी दिसली, मग कल्ल्यांच्या फटी, संथपणे उघडमीट करणाऱ्या. माझा हात कपाळावर जाईपर्यंत बाईंनी खूण करूनही झाली होती. त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, याचा किंचित अपमानच वाटला.

आता तक्रारी. आरोग्याचा फॉर्म बोट सुटताना हातात कोंबला. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, यातल्या कशालाही 'हो' म्हटलं की डॉक्टरची सही लागते. ती बोटीवर कुठून आणायची? एका मुलीला त्यामुळे नुसतं बसून राहावं लागलं. हा फॉर्म बुकिंगच्या वेळीच पाठवायला हवा. माझा मास्क गळत होता, बदलून मिळाला, पण मागितल्यावर. वर आल्यावर केस पुसायच्या आत फोटोंचं पॅकेज गळ्यात मारायला सुरुवात. आणि एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह केले तर १८ तास विमानात बसू नये, हे सांगितलं परतीच्या वाटेवर. आमच्यातल्या एका जोडप्याचं विमान त्याच संध्याकाळी होतं. किनारा येईपर्यंत दोघं फोनवर तिकीट बदलत होते.